कोपऱ्यावरचे तीन रांजण

माझे वडील जिवंत असताना मी त्यांच्यासाठी दोन मिनिटं मान खाली घालून उभी राहिले आहे. माझ्याच हॉलमध्ये, अठ्ठावीस माणसांबरोबर, एसी चालू. कसं घडलं ते सांगते. स्वतःची बाजू घेऊन सांगणार नाही, कारण बाजू अशी फारशी उरलेलीच नाही.

मी नागपूरच्या मनीषनगरात लोकांना जगायचं कारण शोधून देते. माझा नवरा यावर हसतो, पण माझ्या पाटीवर थोडंफार असंच लिहिलेलं आहे. एकवीस वर्षं बँकेत काढली, वैतागून राजीनामा दिला, आठ दिवस जपान फिरले आणि येताना इकिगाई घेऊन आले. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरूण सोडावंसं वाटायला माणसाला जे काही लागतं, त्याला तिकडे इकिगाई म्हणतात. कुणाला ते बागेत सापडतं, कुणाला सुतारकामात. मी चार वर्तुळं काढलेला एक कागद वाटते. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय आणि पैसे कशाचे मिळतात. चारही वर्तुळं जिथे एकमेकांत शिरतात तिथे तुमचं कारण. लोक पेन चावत बसतात, दुपारी जेवतात, जाताना माझ्याबरोबर फोटो काढतात. काहींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येतं. मला वाटायचं, आपलं झकास चाललंय.

बाबा नंदनवनात एकटे राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. ते पाणीपुरवठा खात्यात वॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, म्हणजे अख्खी नोकरी लोकांच्या नळाला पाणी सोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी घराजवळच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली तीन रांजण मांडले. होळी झाली की पाणपोई सुरू, पाऊस लागला की बंद. पहाटे साडेचारला उठायचं, रांजण आतून घासायचे, पाणी भरायचं, वाळ्याची पुरचुंडी सोडायची, बाहेरून लाल कापड ओलं करून गुंडाळायचं. मौद्याकडच्या कारखान्यांच्या बस त्याच कोपऱ्यावरून सुटतात. पहिल्या पाळीची माणसं तिथे बाटल्या भरून घेत.

बाबांचा एकच हट्ट होता. बाटली खुशाल भरा, पण आधी एक ग्लास त्यांच्या हातून घेऊन तिथेच प्यायचा. कुणी ओंजळ पुढे केली तर ते वरून पाणी ओतत नसत. ओगराळ्यानं ग्लास भरायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. मला तो म्हातारपणीचा नखरा वाटायचा.

एकदा सराव म्हणून मी त्यांच्यापुढे चार वर्तुळांचा कागद ठेवला होता. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि पैशाच्या वर्तुळावर बोट ठेवून विचारलं, हे कशाला. मी त्यांना जपानमधल्या म्हाताऱ्यांचं सांगायला लागले, नव्वदी उलटली तरी रोज भाजीच्या वाफ्यात जातात वगैरे. बाबा निम्म्यातच उठले. कापड सुकलं असेल म्हणाले आणि रांजण भिजवायला निघून गेले. कागद खाटेवरच राहिला. मी चिडले. आपल्याच माणसाला आपल्या कामाची कदर नाही, असं घरी येऊन नवऱ्याला तासभर ऐकवलं.

या एप्रिलमध्ये त्यांना रांजणांपाशी चक्कर आली. हातात भरलेली बादली होती. कपाळावर तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, ऊन आहे, वय आहे, जपा. मी जपायचं ठरवलं, आणि मी एकदा ठरवलं की कुणाचं ऐकत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. आठवड्याच्या आत गार पाण्याची मोठी स्टीलची मशीन आणली, नळ जोडला, शेजाऱ्यांकडून विजेची सोय केली. बाबांना बरं वाटावं म्हणून वर एक पाटी लावायचं ठरवलं. त्यावर बाबांचा फोटो, नाव आणि खाली 'सप्रेम भेट'. पाटीवाल्यानं फोनवर नमुना पाठवला. फोटो लंबगोल चौकटीत आणि दोन्ही बाजूंना एकेक समई. मी लिहिलं, छान आहे, करून टाका.

उद्घाटनाला बाबांनी फीत कापली. बुंदीचे लाडू वाटले. त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा हार त्यांनी गळ्यात घालू दिला नाही, उकडतं म्हणाले. मग तो वाया कशाला घालवायचा म्हणून मी पाटीवरच्या फोटोला घातला.

रांजण तिथे नकोतच म्हणून दोन गच्चीवर नेऊन उपडे घातले. तिसऱ्याच्या काठाचा टवका उडाला होता. तो मी मनीषनगरला आणला, माती आणि खत भरलं, मनी प्लांट लावलं आणि हॉलच्या दाराशी ठेवला. झिजलेल्या, तडकलेल्या वस्तूतलं सौंदर्य जपानी माणूस कसं बघतो, हे शिकवताना मी त्या रांजणाकडे बोट दाखवायचे.

बाबा आठ-नऊला उठायला लागले, एवढंच. मला वाटलं, चला, आराम पडतोय. मग दाढी चार-चार दिवस तशीच दिसायला लागली. पोळी अर्धी राहायला लागली. फोनवर 'हो' आणि 'बरं' याच्या पुढे बोलणं जाईना. सदऱ्याची कॉलर मानेभोवती ढगळ झाली. मी रक्त तपासून घेतलं, हृदयाची पट्टी काढून घेतली, सगळं ठीक निघालं. नवतपा लागला होता, म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या दिवसांत डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की शरीरात काही सापडत नाही, पण माणूस असाच राहिला तर पावसाळा काढेल असं वाटत नाही. मी हादरले. रोज फळं, रोज टॉनिक, आणि रोज सकाळी फोनवर एक व्हिडिओ पाठवायला लागले. दीर्घायुषी जपानी म्हाताऱ्यांचे.

त्याच आठवड्यात मौद्याकडच्या एका कारखान्यातली अठ्ठावीस माणसं माझ्या हॉलमध्ये आली. सगळी वर्षभरात निवृत्त होणारी. हाताला जुने भाजल्याचे डाग, इस्त्रीचे शर्ट, आणि ही बाई आता काय सांगते म्हणून मागे रेलून बसलेली. मी नेहमीचं शिकवलं. मग नेहमीचाच प्रश्न टाकला की तुमच्या पाहण्यातला असा एक माणूस सांगा, ज्याला सकाळी उठायचं कारण पक्कं ठाऊक आहे. लोक सहसा आई सांगतात. पहिल्या दोघांनी आईच सांगितली.

तिसरा फिटर होता, बॉयलरवरचा. पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशात चष्मा. तो उभा राहिला.

"मॅडम, जपानले काहून जाता? आमच्या नंदनवनात एक बाबाजी होता."

मला हसू फुटलं. अभिमानानं, खरंच. याचं संपू दे, मग सांगू की ते माझे वडील आहेत, हॉल टाळ्या वाजवेल, असा हिशेब मी मनात करूनही टाकला. 'होता' म्हणाला ते कानावर आलं होतं, पण रांजण गेले म्हणून म्हणत असेल असं वाटलं.

तो सांगत होता. नऊ उन्हाळे त्यानं त्या कोपऱ्यावर बाटली भरली. बॉयलरच्या धगीत दुपारी झाकण उघडलं की वाळ्याचा वास यायचा आणि घरी बसल्यासारखं वाटायचं. बाबाजीला कुणाची पाळी कधी बदलते ते माहीत, कुणाला शुगर आहे ते माहीत, कुणाच्या पोरीची परीक्षा आहे तेही. एकदा याला उशीर झाला तर बाबाजी बादली घेऊन बसच्या पुढे उभा राहिला, हा येईपर्यंत बस हलू दिली नाही. हे मला माहीत नव्हतं. माझ्या बापाचं मी परक्या माणसाकडून ऐकत होते.

मग तो म्हणाला की एप्रिलमध्ये तो पोरीच्या लग्नासाठी रजेवर गेला. परत आला तेव्हा बाबाजीसाठी लग्नाचे लाडू डब्यात घेऊन पहाटे कोपऱ्यावर गेला. रांजण नव्हते. मशीन होती.

"वर फोटो होता बाबाजीचा. हार घातलेला, दोन बाजूले समया. मंग विचाराचं काय कोणाले? लाडू तसेच मशीनवर ठेवले अन् बसमध्ये जाऊन बसलो."

मागून कुणीतरी म्हणालं की आपणही तिथलंच पाणी प्यायचो, आपल्यालाही तो फोटो पाहून वाईट वाटलं. मग आणखी एक, मग आणखी चार-पाच. त्यांच्याबरोबर आलेले साहेब भले गृहस्थ. म्हणाले, अशा माणसासाठी दोन मिनिटं उभं राहायला हवं. म्हणेपर्यंत खुर्च्या सरकल्यादेखील.

माईक माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते जिवंत आहेत, माझे वडील आहेत, आत्ता घरी झोपलेत. पहिल्या क्षणी मी माईक तोंडाजवळ नेला. दुसऱ्या क्षणी ती लंबगोल चौकट डोळ्यांपुढे आली, त्या समया, तो झेंडू, आणि मी काय करून बसलेय ते मला पहिल्यांदा दिसलं. आपल्याकडे समयांच्या मधे कुणाचा फोटो असतो, हार कुणाच्या फोटोला घालतात, आणि कुणाच्या नावानं पाण्याच्या मशिनी बसवतात, हे शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नव्हतं. तिसऱ्या क्षणी लाज वाटली. या अठ्ठावीस माणसांना कसं सांगायचं की त्यांच्या मॅडमनं जित्या बापाच्या फोटोला हार घातला? तेवढ्यात सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या. मीही खाली घातली.

दोन मिनिटं फार मोठी असतात. मी दाराजवळच्या रांजणाकडे बघत होते, त्यातून मनी प्लांट लोंबत होतं. टेबलावर माझा फोन होता आणि आता तो वाजेल, नंदनवनातून शेजाऱ्यांचा असेल, असं मला खरोखर वाटलं. तो वाजला नाही. फिटरनं डोळे पुसले आणि पुढचं शिकवा म्हणाला. मी चार वाजेपर्यंत शिकवलं. याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसतो, की मी राहिलेल्या सगळ्या स्लाइड दाखवल्या.

संध्याकाळी थेट नंदनवनला गेले. गाडीतून उतरले तर आधी मशीनच समोर आली. हाराची फुलं झडून गेली होती, नुसता दोरा लोंबत होता, आणि मधे बाबा हसत होते. मी दीड महिना दर दोन दिवसांनी इथून गेलेय. मी दोरा ओढून काढला, तो हातात तुटला.

बाबा खाटेवर पडलेले. मी चप्पल न काढताच सगळं सांगून टाकलं. रागावतील, नाहीतर निदान दचकतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, कोण होता. मी सांगितलं, पांढऱ्या मिशांचा फिटर, पोरीच्या लग्नाला रजेवर गेलेला. तर ते उठून बसले. लग्न नीट पार पडलं का, मुलगी कुठे दिली, हे विचारायला लागले. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"ते लाडू त्याचे होते काय?" ते म्हणाले. "मले वाटलं तुह्या उद्घाटनातले राहिले. दोन खाल्ले म्या."

मी हसले, आणि हसता हसता रडू कोसळलं. स्वतःच्या फोटोपुढे ठेवलेले लाडू खाणारा बाप माझाच. मी विचारलं, बाबा, तो हार रोज दिसत होता, काढला का नाही. सांगितलं का नाही.

"तू घातला होता ना माय. मी कसा काढू?"

मग ते कपाळावरच्या टाक्यांच्या जागी बोट फिरवायला लागले. दूध आणायला गेलं की लोक त्यांच्याकडे आणि फोटोकडे आळीपाळीनं बघतात, एक बाई तर दचकून रस्ता ओलांडून गेली, असं हसत हसतच त्यांनी सांगितलं. आणि त्याच सुरात पुढे म्हणाले, "उभे राहिले ते बरोबरच केलं त्यायनं. मलेबी तसंच वाटून राहिलं होतं."

मी खाली फरशीवर बसले. मला दुसरीकडे कुठे बसता येईना.

त्यानंतर ते जे बोलले त्यातलं निम्मं मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या आज्याला गावात तहान लागली की लांबून, वरून पाणी ओतायचे. ओंजळीत कमी, कोपरावरून मातीत जास्त. छप्पन साली आजा नागपूरला दीक्षा घ्यायला आला तेव्हा बाबा त्याच्या खांद्यावर होते, बाबांना आठवतही नाही. पण घरी परतल्यावर आज्यानं सांगितलेलं त्यांच्या आईनं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. आता आपण पाणी हातात घ्यायचं, आणि कुणाला द्यायचं तर हातातच द्यायचं. वॉल्व्ह फिरवताना बाबांना ते कधी करता आलं नाही, नळाचं पाणी कोण पितं ते दिसत नाही. रांजण मांडले तेव्हा जमलं. पहाटे कुणीही यावं, पाटील असो की पंडित, आणि त्यांच्या हातचा ग्लास घेऊन तोंडाला लावावा. हे बघायला ते साडेचारला उठत होते.

आज्याची गोष्ट मला पाठ होती. तो ग्लासही मी बारा उन्हाळे पाहिला होता. दोन्ही एकत्र करायला मला एक परका फिटर आणि दोन मिनिटांची शांतता लागली. आणि मी याच कामाची पाटी लावून बसलेय.

मी म्हटलं, हॉलमधला रांजण परत आणते, माती काढून घासून घेऊ. बाबांनी मान हलवली. खत मुरलेल्या रांजणात प्यायचं पाणी भरता येत नाही म्हणाले, तो आता झाडालाच राहू दे. गच्चीवरचे दोन मी आणि नवऱ्यानं उतरवले आणि पाण्यानं भरून मुरायला ठेवले. स्क्रू काढून पाटी उतरवली. मशीन दुपारच्या लोकांसाठी राहू द्यायची ठरली. मी एक अट घातली की बादली मी उचलणार, बाबांनी खुर्चीत बसायचं. ती त्यांनी इतक्या लगेच मान्य केली की मला भीतीच वाटली. एरवी त्यांनी भांडण केलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी पोचले तर त्यांची दाढी झालेली होती. हनुवटीजवळ थोडं कापलं होतं. मी रांजण घासले, त्यांनी खुर्चीतून चुका काढल्या. वाळ्याची पुरचुंडी मी आधी सोडली म्हणून ओरडाही खाल्ला. उजाडायला लागलं तशी माणसं यायला लागली. एकजण रस्त्याच्या पलीकडेच थबकला आणि बराच वेळ इकडे आलाच नाही. दुसऱ्यानं बाबांच्या खांद्याला नुसता हात लावून पाहिला.

मग फिटर आला. आधी त्यानं बाबांकडे पाहिलं. मग मशीनवर, जिथे पाटीच्या स्क्रूंची चार भोकं राहिली होती तिथे. मग माझ्याकडे, हातात बादली, साडी खोचलेली, कालच्या माईकवाल्या मॅडमकडे. बाबा त्याला विचारत होते की पोरगी कुठे दिली. मी भरलेला ग्लास बाबांकडे दिला, बाबांनी तो त्याच्या हातात दिला. त्यानं तो धरला, पण तोंडाला लावला नाही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुम्ही बी तं उभ्या होत्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मी मान हलवली, की हो, होते.

"पहिले पाणी पे गा," बाबा म्हणाले. "बस लागली तुही."

तो प्यायला. रिकामा ग्लास त्यानं बाबांकडे न देता माझ्याकडे दिला आणि बसमध्ये चढला. त्याच्यामागचा माणूस नवखा होता, त्याला इथली रीत ठाऊक नव्हती. त्यानं वाकून ओंजळ पुढे केली. मी ओगराळ्यानं ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला.